पुढे दिलेलं ताट

कॅसलरॉक, सुपे पेटा
१२ ऑगस्ट १९२३

तीर्थरूप दादास,
केशरचा सप्रेम सलाम.

पाऊस अजून हटत नाही. डेपोतल्या ओंडक्यांवर शेवाळ चढलंय आणि वाळत घातलेल्या लुगड्यांना बुरशीचा वास येतो. आई बरी आहे. गुडघे धरतात, तरी चुलीपासून उठत नाही. हे सगळं तुला आधीही लिहिलंय. आज एक मागणं आहे म्हणून पत्र.

आम्ही दर रविवारी चंद्रप्पा मेस्त्रींच्या पडवीत जमतो. मेस्त्री रेल्वेच्या लाकूडकामावर आहेत, धारवाडकडचे. त्यांची ख्रिस्ती मंडळी जर्मन मिशनऱ्यांनी उभी केलेली, प्रार्थना छापील आणि कानडीत. आमचे हे नगरकडचे. त्यांच्या मंडळीत तुमच्यासारखे निवडलेले वडील नाहीत, त्या वडिलांची सभा म्हणजे सेशन नाही. सभासदांनी हात वर केले की झालं. आणि मी तुझ्या घरातली. दीक्षा झालेला पाळक वर्षातून एखाद वेळ येतो, तोही कधी यांचा, कधी त्यांचा. म्हणून सगळ्यांनी मिळून मेस्त्रींना नेमलंय. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर तेच मोडतात.

भाकर आई करते. गव्हाचं पीठ मिळालं तर गव्हाची, नाही तर तांदळाची. शिरसवाडीला करायची तशीच, मीठ न घालता, हातानं थापून, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून. सगळे म्हणतात, तुळजाबाईंच्या हातची भाकर मोडताना चुरा पडत नाही.

आणि दादा, ताट तिच्यापाशी आलं की ती दोन्ही हातांनी घेते आणि शेजारच्या यमुनाबाईंना, मेस्त्रींच्या बायकोला, देते. प्यालाही तसाच. दोन वर्षांत तिनं एकदाही घेतलेलं नाही. आधी मला वाटलं, नवी जागा आहे, रुळेल. मग विचारलं. म्हणाली, "माझा दाखला न्हाई."

मी म्हटलं, "आई, आमच्यात कुणी दाखला विचारत नाही."

"कुणी इचारत न्हाई म्हणून काय झालं. मी इचारते की."

तू तिथला वडील आहेस आणि सेशनचं लिहिणंही तुझ्याकडे. तिचा सभासदत्वाचा दाखला इकडे पाठवून दे. तिचं वय पाहता मी आणखी काय लिहू.

तुझी धाकटी बहीण,
केशर


शिरसवाडी, कोल्हापूर संस्थान
९ सप्टेंबर १९२३

चि. केशर हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ते सेशनपुढे ठेवलेलं नाही. ठेवलं तर काय उत्तर येईल ते मला माहीत आहे, आणि आईचं नाव तशा चर्चेत यावं असं वाटत नाही.

दाखला एका मंडळीकडून दुसऱ्या मंडळीला देतात. तुमच्याकडे मंडळी कुठली? पडवीत जमलेली तीन घरं. पाळक नाही, वडील नाहीत. दीक्षा न झालेला सुतार भाकर मोडतो आणि प्याल्यात, तूच मागे लिहिलं होतंस, भिजवलेल्या कोकमांचं पाणी असतं. मेस्त्री सज्जन असतील, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण प्रभूच्या मेजाला काही शिस्त आहे, आणि ती मला शाळेच्या आधी आईनंच शिकवली. ती ताट पुढे देते हे वाचून मला तिचा अभिमानच वाटला.

इकडे आपली मंडळी आणि तुझ्या यजमानांची, वासूरावांकडची मंडळी एक होण्याच्या गोष्टी चालल्या आहेत. मोठी माणसं बसून ठरवतील तेव्हा सगळे एका मेजावर बसू. त्याआधी आपणच पुढे धावण्यात अर्थ नाही.

आई तुझ्या बाळंतपणाला म्हणून गेली. लेकरू गेलं, त्याचं दुःख आम्हालाही आहे. तू महिनाभर तापात होतीस, तिनं राहणं भागच होतं. पण तू उठलीस, फिरू लागलीस, त्यालाही आता किती काळ लोटला. मी दोनदा न्यायला येतो म्हणून कळवलं. दोन्ही वेळा तिनं पाऊस पुढे केला. एकदा तर मार्गशीर्ष होता.

भाकर आता गिरजा करते. तिची कडक होते. कुणी काही म्हणत नाही.

दाखल्याची गरजच काय? आईनं घरी यावं. देवळात खिडकीजवळची तिची जागा तशीच आहे.

तुझा,
उमाजी


कॅसलरॉक
२० नोव्हेंबर १९२३

तीर्थरूप दादास,
सप्रेम सलाम.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर केला, कारण आधी लिहिलं असतं तर भलतंच लिहिलं गेलं असतं.

आईचे पाय सुजतात. जिना नाही, चढ नाही, तरी विहिरीवरून येताना दोनदा बसते. स्टेशनावर नव्यानं आलेल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि मला बाहेर बोलावून म्हणाले की काळीज थकलंय. मी तिला सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. नुसतं म्हणाली, "डाक्टर लई लहान दिसतो गं. शिकला तरी कधी."

आमच्या मागच्या बाजूला परशू नावाच्या कुणब्याचं घर आहे. त्याची बायको फुला दिग्गीची, जंगलातल्या गावची. ती आईला अव्वा म्हणते आणि रोज काही ना काही टोपलीतून आणून देते. या महिन्याच्या पहिल्या शनिवारी आई भाकर थापत होती. फुला उंबऱ्यावर बसली होती.

"अव्वा, ही उद्याच्या पूजेची?"

"व्हय."

"तुमी रांधता नि तुमीच खाईत न्हाई म्हणं. यमुनाक्का सांगत हुती. उपास हाय काय?"

"तसंच समज."

"आमच्यात रांधणारीनं न्हाई खाल्लं तर बाकीच्यास्नी घास उतरत न्हाई," फुला म्हणाली. "उपास कवा सुटतोय?"

आई हसली. पण तिचा हात थांबला आणि भाकर एका बाजूला जाड झाली. तिच्या हातची तशी भाकर मी जन्मात पाहिली नव्हती.

मेस्त्रींकडे एक चाल आहे. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ते प्रत्येक घरी जातात आणि विचारतात, कुणाशी काही वाकडं आहे का. असेल तर आधी मिटवायचं, मग मेजाशी यायचं. गेल्या वर्षी आमचे हे आणि मेस्त्री एका फळीवरून बोलत नव्हते, तर मेस्त्रीच येऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "कारकूनसाहेब, फळी तुमची. आता उद्या येऊ का नको?" तर त्या शनिवारी ते आईकडेही आले. "अव्वा, कुणाशी काही?" आई म्हणाली, "माणसाशी काई न्हाई." मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते गेले. मला त्या पाहण्याचा अर्थ लागला नाही.

दादा, तुला शिस्त हवी आहे. तिलाही हवी आहे, म्हणूनच ती तुझ्या कागदासाठी अडून आहे. गाडीचा प्रवास तिला आता झेपणार नाही, हे मी डॉक्टरांच्या तोंडचं लिहिते. मोठी माणसं बसून ठरवतील तोवर ती थांबू शकत नाही. तुला तिला शिरसवाडीत ठेवायचं आहे म्हणून कागद अडवतोस का, हे तूच स्वतःला विचार. मी विचारत नाही.

केशर


शिरसवाडी
६ जानेवारी १९२४

प्रिय केशरवन्संना,
गिरजाचा सलाम.

हे लिहिणार नाहीत म्हणून मी लिहिते. सोबत सासूबाईंचा दाखला आहे. तुमच्या दादांनीच नाताळानंतर सेशनमध्ये मागितला. एक वडील म्हणाले, तिकडे कोण घेणार हा दाखला? हे म्हणाले, "घेणारा घेईल. आपण देऊ." एवढंच बोलले. पाळकांनी सही केली. हे घरी आले आणि जेवले नाहीत.

तुमचं मागचं पत्र यांनी मला दाखवलं नाही, पण ज्या दिवशी आलं त्या दिवशी शाळेतून आल्यावर सासूबाईंच्या कोनाड्यातला दिवा पुसत बसले होते. तो कुणी लावतही नाही.

आणखी एक सांगते. माझ्याकडून कळलं असं म्हणू नका. सासूबाई तिकडे गेल्यापासून हेसुद्धा घेत नाहीत. वडील म्हणून ताट सगळ्यांपुढे नेतात, प्याला नेतात, आणि शेवटी मेजावर ठेवून आपल्या जागी बसतात. लोकांना वाटतं, आधीच घेतलं असेल. मी बायको, मला कसं कळणार नाही? एकदा विचारलं, तर म्हणाले, "माझ्या मनात आईविषयी राग आहे. राग घेऊन कसं घेऊ?"

माझ्या भाकरीला काय कमी पडतं ते सासूबाईंना विचारून कळवा. पीठ जास्त मळते का? मी खरंच विचारते आहे.

तुमची वहिनी,
गिरजा


कॅसलरॉक
१८ फेब्रुवारी १९२४

तीर्थरूप दादास,
सप्रेम सलाम.

दाखला पोचून महिना झाला. पहिल्यांदा आनंदानं लिहायला बसले होते, ते पत्र अर्धं राहिलं. आता जे लिहिते आहे ते बसून वाच.

मी दाखला आईच्या हातात दिला. तिनं मला वाचायला लावला. 'तुळजाबाई या मंडळीच्या सभासद असून त्यांची वर्तणूक चांगली आहे' इथपर्यंत वाचलं आणि ती म्हणाली, "थांब. परत वाच." परत वाचलं. तिनं कागद घेतला, घडी केली आणि माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "ह्ये खोटं हाय. उमाजीला ठाऊक न्हाई म्हणून त्यानं लिवलं. ह्याच्यावर मी जेवायची न्हाई."

या महिन्याच्या पहिल्या रविवारी ताट आलं आणि तिनं पुढे दिलं. मी रागावले. घरी आल्यावर म्हटलं, आता काय हवंय तुला, आता तर कागद आलाय. तेव्हा तिनं मला समोर बसवलं आणि सांगितलं.

दादा, माझं लेकरू जन्मलं त्या दिवशी मी शुद्धीत नव्हते. मला उठल्यावर एवढंच कळलं की मुलगी होती आणि दिवस मावळायच्या आत गेली. मी पुढे विचारलं नाही. सगळे गप्प होते, मीही गप्प राहिले. आई सांगते, सकाळीच लेकराचे ओठ निळे पडले. आमचे हे लोंढ्याला डॉक्टर आणायला गेले होते. पाऊस असा की रुळांवर पाणी. आईनं मेस्त्रींना बोलावलं. मेस्त्री म्हणाले, आमच्यात जीव धोक्यात असला तर कुणीही विश्वासी माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो, तुमच्यात? आई म्हणाली, "आमच्यात न्हाई. पाळकाबिगर न्हाई. तुमी द्या." फुला दारात घागर घेऊन उभी होती. तिच्या घागरीतलं पाणी घेतलं.

त्यांनी नाव विचारलं. आईनं सांगितलं. करुणा.

दादा, माझ्या मुलीला नाव होतं. मेस्त्रींना ते ठाऊक होतं, यमुनाबाईंना ठाऊक होतं, दारातल्या फुलालाही ठाऊक होतं. मला दोन वर्षं आणि काही महिन्यांनी कळलं. मी आईवर ओरडले. मग तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. किती वेळ ते आठवत नाही. म्हटलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, "नाव सांगायचं तर ते कुणी ठेवलं ते सांगावं लागलं असतं. तू दादाला लिवलं असतंस. मग त्याला ते सेशनपुढं ठेवावं लागलं असतं, आईचं नाव. त्याला पेच नको म्हणून मीच बाजूला बसले."

मी म्हटलं, मग घरी का नाही गेलीस? म्हणाली, "तितं जाऊन ताट पुढं दिलं असतं तर त्यानं इचारलं असतं. त्याच्याफुडं खोटं कसं बोलू?"

तेव्हा ते पाऊस आणि ते मार्गशीर्षातले बहाणे, सगळं यासाठी होतं. तिनं स्वतःच स्वतःला मेजापासून दूर ठेवलंय आणि ती तुझ्याशिवाय कुणाकडून परत यायची नाही. यांनी तिला समजावलं, मेस्त्रींनी हात जोडले. ऐकत नाही.

परशू गाडी घेऊन उळवीच्या जत्रेला गेलाय, तो आल्यावर हे पत्र टपालात पडेल. तोवर मला ते फाडायची संधी आहे. फाडणार नाही. आता तुला ठाऊक झालं. वडील म्हणून काय ते ठरव. पण कागदावर ठरवून पाठवू नकोस.

केशर


शिरसवाडी
३१ मार्च १९२४

चि. केशर हीस आशीर्वाद.

तुझ्या पत्राला मी तीनदा उत्तर लिहिलं. पहिल्यात नियम लिहिला. तो तुला माहीत आहे, आईला माझ्याहून जास्त. दीक्षा न झालेल्यानं दिलेला बाप्तिस्मा आपल्यात धरत नाहीत. विश्वासी माणसाचं लेकरू बाप्तिस्म्यावाचून गेलं तरी प्रभूच्याच हाती असतं, म्हणून तशी घाई करायचं कारणही नसतं. हे सगळं मी नीट अक्षरात लिहिलं आणि वाचून पाहिलं. मग लक्षात आलं की पत्रात कुठेही मुलीचं नाव नाही.

दुसऱ्यात आईला माफ केलं. ते फाडलं. माफ करणारा मी कोण, आणि तिनं माझ्याकडे माफी मागितली कुठे आहे?

तिसरं हे.

तू नोव्हेंबरात एक प्रश्न मला विचारला नव्हतास. त्याचं उत्तर होय असं आहे.

ईस्टरच्या सुट्टीत येतो. पाळकांना सांगितलंय की घरचं काम आहे.

उमाजी


कॅसलरॉक
२४ एप्रिल १९२४

प्रिय गिरजावहिनींस,
केशरचा सप्रेम सलाम.

दादा उद्याच्या गाडीनं निघतील. त्यांच्या हाती हे पत्र देते आहे, पण ते वाचणार नाहीत असं त्यांनी कबूल केलंय. ते तुम्हाला सगळं सांगतील असं वाटत नाही, म्हणून मी लिहिते.

ते शुक्रवारी दुपारी आले. आई खाटेवर टेकून बसली होती. तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वाळलास की रं. कोण आलंय? उमाजी का मंडळीचा वडील?"

"दोघं एकाच गाडीनं आलेत," दादा म्हणाले.

"मग वडलाला आधी बसव. उमाजीला मागनं चहा दे."

खुर्ची आमच्याकडे एकच, यांची. ती आईनं आणायला लावली आणि दादांना तीवर बसवलं. स्वतः खाटेवरून उतरून खाली चटईवर बसली. आम्ही नको म्हणत होतो, ऐकलं नाही. मेस्त्रींनाही बोलावून घेतलं. मग तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं, जसं सेशनपुढे सांगतात तसं, हात मांडीवर ठेवून.

दादा म्हणाले, "मी एकटा म्हणजे सेशन नव्हे, आई."

"ऐकायला एकटा पुरतो. आता इचार, काय इचारतात ते."

दादांना तो प्रश्न विचारायचा नव्हता, वहिनी. मी त्यांच्या पायांकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "जे केलं त्याचा खेद आहे का?"

"न्हाई," आई म्हणाली.

दादा खुर्चीच्या कडेला सरकले.

"तितंच तर अडलंय," आई म्हणाली. "खेद असता तर मी तवाच पत्र लिवून माफी मागितली असती. खेद न्हाई आणि खेदाबिगर परत घेत न्हाईत. मीच कितीजणीस्नी सांगितलंय ते. पोरीचा सोर्ग माझ्या हातात नव्हता, त्ये मला ठाऊक हाय. पण केशर उठंल नि इचारंल, कोण हुतं ते. तिला काय सांगू, मांसाचा गोळा हुता? मला एक नाव पायजे हुतं. आणि नाव देवाफुडं घ्यायचं तर देवाच्या माणसानं घ्यावं. ह्यो हुता." आणि तिनं मेस्त्रींकडे बोट केलं.

दादा मेस्त्रींकडे वळले. विचारलं, त्या वेळी काय शब्द म्हणालात? मेस्त्री गोंधळले. म्हणाले, "कानडीत म्हटलो, मास्तर. मराठीत मला प्रार्थना येत नाही."

"तसंच म्हणा. कानडीतच."

मेस्त्री उभे राहिले. डोक्यावरचा रुमाल काढला. हातात पाणी असल्यासारखी ओंजळ धरली आणि हळू म्हणाले, "करुणा. तंदेय, मगन, पवित्रात्मन हेसरिनल्ली." पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं, एवढं मलाही कळलं. पुढचं त्यांना म्हणवेना. यमुनाबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

दादा खुर्चीवरून उठून आईसमोर चटईवर बसले.

"मला कानडी येत नाही," म्हणाले. "पण त्यात देव कळला आणि नाव कळलं. हा बाप्तिस्मा होता, आई. मग खेद कशाचा करायचा?"

आई म्हणाली, "सेशन असं म्हणंल?"

"नाही म्हणणार."

"मग तू?"

"मी गेल्यावर त्यांना हेच सांगेन. पुढचं माझं मी बघेन."

"वडीलपण जाईल तुझं."

"जाऊ दे," दादा म्हणाले. "उमाजी राहील ना."

तेव्हा आईनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "केशर, आता ह्याला चहा दे."

शनिवारी भाकर करायची होती. आईला पाटावर बसवेना. दादांनी अस्तन्या वर केल्या. वहिनी, तुम्ही हसाल, पण परातीत पीठ कमी आणि दादांच्या हातांना जास्त होतं. आई खाटेवरून सांगत होती, "दाबू नगंस. नुसती थाप. तू पोरांस्नी मारतोस तशी न्हाई." फुला उंबऱ्यावर होती. तिनं विचारलं, "अव्वा, हे तुमचे लेक? मग आता उपास सुटनार?" आई म्हणाली, "सुटंल, बाई."

तुमच्या भाकरीबद्दल तिला विचारलं. ती म्हणाली, पीठ मळून झालं की तुम्ही झाकत नाही, लगेच थापता. ओल्या फडक्याखाली थोडं राहू द्या. आणि म्हणाली, "तिला सांग, तिची भाकर मला चालंल."

ईस्टरच्या रविवारी पडवीत मेस्त्रींनी भाकर मोडली. दादा आईच्या डाव्या हाताला बसले होते. कोकमाच्या झाडावरचे रातांबे नुकते पिकलेत, तर प्याल्यात ताजा रस होता, लालभडक. ताट दादांपाशी आलं. त्यांनी एक तुकडा घेतला आणि तोंडात घालायच्या आधी आईकडे पाहिलं. मग त्यांनीच ताट तिच्यापुढे धरलं. आईनं दोन्ही हातांनी घेतलं, नेहमीसारखं. तिनं तुकडा घेतला. खाल्ला. प्याला आला, दादा प्यायले आणि त्यांचं तोंड कसंसं झालं. आई कानात म्हणाली, "आंबट हाय, व्हय ना? मलाबी लई दिवस वाटत हुतं, कसा लागत असंल."

ती आता झोपलीय. काल बोलताना म्हणाली, करुणाला दाखव एकदा दादाला. डेपोच्या मागे किंदळाच्या झाडाखाली आहे ती. आम्ही दोघं गेलो. दादा तिथं पडलेली पानं उचलत राहिले.

तुमची,
केशर


शिरसवाडी
११ जानेवारी १९२५

चि. केशर हीस,
अनेक आशीर्वाद.

आई गेल्याचं तुझं आषाढातलं पत्र माझ्या उशीखाली आहे. आईला करुणाच्या शेजारीच ठेवलंत, मेस्त्रींनी पेटी केली आणि फुलानं घागर भरून आणली, हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यावर तुला तेव्हा चार ओळींपलीकडे लिहिता आलं नाही. आज लिहितो.

एप्रिलमध्ये परतल्यावर सेशनला सगळं सांगितलं. तुला कळवलं नव्हतं. ते रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. पाळक म्हणाले, उमाजी, तुमचं मन आम्ही समजतो, पण आम्हाला हे धरता येणार नाही. मी म्हटलं, मग मला वडील म्हणून राहता येणार नाही. मेपासून मी मागच्या बाकावर बसतो आणि ताट आलं की पुढे देतो; मनात सेशनविषयी राग घेऊन कसं घेऊ? पहिल्यांदा बसलो तेव्हा शाळेतली मुलं वळून वळून बघत होती, मास्तर चुकून आले की काय म्हणून. तिथून आईची खिडकीजवळची जागा दिसते. पूर्वी पुढच्या बाकावर असताना ती माझ्या पाठीमागे असायची.

डिसेंबरात मुंबईला दोन्ही मंडळ्या एक झाल्या. त्याचं पत्रक आलं, पाळकांनी वाचून दाखवलं. आता तुमच्या ह्यांची मंडळी आणि आमची एकच. लोकांनी गीत म्हटलं. मी पत्रक ऐकताना पडवीचा विचार करत होतो. मेस्त्रींची मंडळी त्यात आहे का, ते मला त्या कागदावरून कळलं नाही.

आता आज काय झालं ते. वर्षाच्या पहिल्या प्रभुभोजनाला गेल्या सालात प्रभूमध्ये निजलेल्या सभासदांची नावं वाचतात, तुला आठवत असेल. मी गुरुवारी पाळकांकडे गेलो. म्हटलं, आईचं नाव तुम्ही वाचालच. तिच्याखाली आणखी एक वाचाल का? ते गेल्या सालातलं नाही, आणि ते सभासद नाही. त्यांनी विचारलं, कुठल्या अधिकारानं वाचू? मी म्हटलं, अधिकार माझ्याकडे नाही. विनंती आहे. त्यांनी वही मिटून ठेवली. मी घरी आलो आणि गिरजेला म्हटलं, नाही वाचणार.

आज त्यांनी नावं वाचली. शेवटी आई. तुळजाबाई, असं वाचून ते थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "आणि त्यांची नात, करुणा." एवढंच. पुढे गेले.

देवळात कुणाला ते नाव माहीत नव्हतं. दोन बायकांनी वळून गिरजेकडे पाहिलं. गिरजा समोर बघत होती.

भाकर तिची होती, ओल्या फडक्याखाली ठेवलेली. नवा वडील ताट घेऊन बाकांमधून येत होता, कोवळं पोरगं आहे. ताट माझ्यापाशी आलं. त्याला वाटलं असावं, नेहमीसारखं मी पुढे देईन. आता त्यालाही ते ठाऊक झालेलं दिसतं.

मी घेतलं.

तुझा,
उमाजी